पावसात बंद पडणारी अ‍ॅडव्हेंचर गाडी : पंप बदलायच्या आधी एवढं बघा

मी मिस्त्री नाही. कोल्हापुरात फुलेवाडीत राहतो, नोकरी साळवणला, त्यामुळे गगनबावडा रस्त्यावर रोजची ये-जा. गाडी म्हणजे खडबडीत वाटेसाठी उंच केलेली अ‍ॅडव्हेंचर मोटारसायकल, दोनशे सीसीची, अठरा-एकोणीस हॉर्सपॉवरची, पुढचं चाक २१ इंची, मडगार्ड उंच. घेतली तेव्हा घरात 'हा उंट कशाला आणलास' म्हणून सगळे हसले होते. पाच पावसाळे झाले. पहिल्या तिन्हींत ती रस्त्यात बंद पडली आणि दरवेळी कारण वेगळं निघालं. त्यानंतर ओळखीतल्यांच्या अशाच गाड्या हीच तक्रार घेऊन माझ्या दारात येऊ लागल्या. जूनचा पहिला जोराचा पाऊस झाला की फोन ठरलेला : "भावा, कळे सोडलं आणि गाडी गचके द्यायला लागल्या." प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

आधी लक्षणं

आपली गाडी यातलं नेमकं काय करते ते ठरवा. निम्मं निदान इथंच होतं.

– न्यूट्रलला छान चालते, पहिला गिअर टाकला की गप्प.
– भर पावसात चढावर मिसिंग करते, म्हणजे इंजिन मधेच अडखळतं, पाऊस उघडला की अर्ध्या तासात ठणठणीत.
– खड्ड्यात आदळली की क्षणभर सगळं मेलं, आणि मीटरवरचं घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू.
– दहा-पंधरा किलोमीटर नीट जाते, मग दम सोडते. टाकीचं झाकण उघडलं की 'फुस्स' होतं आणि परत चालू होते.
– यू-टर्न घेताना, हँडल पूर्ण वळवलं की बंद.
– रात्रभर पावसात उभी राहिली की सकाळी फटफटते, रेस धरत नाही.
– सेल्फ मारला की नुसतं टक्-टक्-टक्.

ही सगळी माणसं फोनवर एकच वाक्य सांगतात, 'पावसात बंद पडते'. दुखणी मात्र सात आहेत.

आता ही कटकट या जातीच्या गाडीलाच जास्त का? साध्या कम्यूटरचं पुढचं मडगार्ड चाकाला चिकटून असतं, पाणी तिथंच अडतं. आपल्या गाडीत चिखल अडकू नये म्हणून चाक आणि मडगार्ड यांच्यात वीतभर मोकळी जागा ठेवलेली असते. ओढ्यातून जाताना त्याचा उपयोग होतो, पण डांबरी रस्त्यावर साठच्या वेगात तेच चाक पाण्याचा पट्टा सरळ इंजिनाच्या तोंडावर मारतं. त्या तोंडावर काय असतं? प्लगची टोपी, हॉर्न, दोन-तीन वायरींचे जोड. शिवाय एकच सिलिंडर आणि ताकद बेताची. मोठ्या गाडीत लपून गेलं असतं तेवढं मिसिंग इथं लगेच गुडघ्याला कळतं.

फुकटातल्या तपासण्या

साइड स्टँडचा स्विच. पहिला नंबर याचाच, आणि याची किंमत मी स्वतः मोजली आहे. पहिल्या पावसाळ्यात असळजच्या पुढे गाडी बंद पडली. ढकलत एका टपरीपर्यंत नेली, चहा घेतला, चालू झाली, परत बंद. दुसऱ्या दिवशी एका गॅरेजात 'पेट्रोलचा पंप गेलाय' म्हणून पंप बदलून दिला. चार दिवसांनी त्याच रस्त्यावर पुन्हा तेच. शेवटी उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीमामांकडे गेलो. त्यांनी गाडीला हातही न लावता विचारलं, "सर, न्यूट्रलला बंद पडत्या काय?"

"न्हाई मामा, गिअर टाकला की पडते."

"मग पंपाला काय रोग आलाय?"

खाली बसले, स्टँडच्या बिजागरीतून बोटानं तांबडी माती खरवडली. रुपयाच्या नाण्याएवढा गोळा निघाला, आत ओला, वरून कडक. स्विचवर बाटलीभर पाणी ओतलं, फडक्यानं पुसलं, स्टँड दहा-बारा वेळा वरखाली केला. संपलं. पैसे घेतले नाहीत, पण जुना पंप मी फेकून दिला हे ऐकल्यावर ज्या नजरेनं बघितलं त्यापेक्षा पैसे घेतले असते तर बरं झालं असतं.

कारण साधं आहे. स्टँड खाली असताना गाडी गिअरमध्ये पडली तर इंजिन बंद करायचं, हे त्या स्विचचं काम. आत माती गेली की स्टँड वर असूनही स्विचला तो खालीच वाटतो. कंट्रोल युनिट आपलं काम इमानानं करतं आणि आपण पंपाला शिव्या देतो. घाटाकडची जांभ्याची माती तिथं गच्च बसते, वाळली तरी आपसूक झडत नाही. पावसाळ्यात मी दर रविवारी स्टँड धुतो.

काही जण हा स्विच कायमचा बायपास करून टाकतात. रस्त्यात अडकलात आणि घरी पोचायचं आहे म्हणून केलंत तर समजू शकतो. कायमचा करू नका. स्टँड खाली राहिलेला असताना डावीकडं गाडी कलली की काय होतं ते ज्यानं पाहिलंय तो हे करणार नाही.

किल स्विच आणि हँडल. लाल बटण दहा-पंधरा वेळा चालू-बंद करा. आत ओल असेल तर तेवढ्यानंही संपर्क सुधारतो. मग इंजिन आयडलला ठेवून, न्यूट्रलमध्ये, हँडल सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. आवाज बदलला किंवा गाडी बंद पडली, तर मानेजवळ वायरिंग ताणलं किंवा घासलं जातंय. या गाड्यांचं हँडल बरंच वळतं, त्यामुळे तिथल्या वायरी दिवसात शंभर वेळा वाकतात. नुसती ताणली असेल तर तिथला क्लिप-टाय सैल करून थोडी ढील द्या. आतली तार तुटली असेल तर ते काम वायरिंगवाल्याचं, तुमचं-माझं नाही.

चावी फिरवल्यावरचा आवाज. फ्युएल इंजेक्शनची गाडी असेल तर चावी लावल्यावर टाकीतून दोन-तीन सेकंद 'घूंऽऽ' ऐकू येतं. तो पंप प्रेशर भरतोय. आवाज येत असेल तर पंप जिवंत आहे, निदान तेवढ्यापुरता. येत नसेल तरी लगेच पंप मेला म्हणू नका. किल स्विच, फ्युज, बॅटरी यांच्यामुळेही तो गप्प बसतो. गाडी नुकतीच आडवी पडली असेल तर चावी पूर्ण बंद करा, थोडं थांबा, पुन्हा लावा. पडल्यावर पेट्रोल तोडणारा सेन्सर बऱ्याच गाड्यांत असतो आणि तो असाच मोकळा होतो. चिखलात पडून उठल्यावर पंधरा मिनिटं सेल्फ मारत बॅटरी संपवणारे मी पाहिलेत.

टाकीचं झाकण. इथं जरा थांबा, कारण हे कुणीच बघत नाही. झाकणाभोवती जी खोबण असते तिच्यात एक बारीक भोक असतं. पावसाचं पाणी त्यातून नळीवाटे खाली रस्त्यावर जातं. त्या भोकात माती किंवा झाडाचा कचरा बसला की पाणी झाकणाभोवती तळ्यासारखं साठतं, आणि झाकण उघडलंत की सरळ टाकीत. झाकणाचं रबर म्हातारं झालं असेल तर उघडायचीही गरज नाही, रात्रभरात झिरपतं. तपासायला पाच मिनिटं लागतात : झाकण बंद ठेवूनच खोबणीत थोडं पाणी ओता आणि गाडीखाली बघा. नळीतून धार आली पाहिजे. नाही आली तर बारीक, मऊ वायर किंवा सायकलच्या पंपाची हवा.

दुसरं भोक हवेचं. पेट्रोल कमी होईल तशी टाकीत हवा यायला हवी. ते बुजलं की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल ओढलं जात नाही. वरचं 'फुस्स' वालं लक्षण ते हेच. रस्त्यातला उपाय म्हणजे झाकण उघडून लावणं, घरचा उपाय म्हणजे भोक साफ करणं.

फडकं आणि दहा नंबरचा पाना

प्लगची टोपी. भर पावसात मिसिंग आणि कोरडं झालं की ठीक, हे लक्षण असेल तर दहातल्या आठ वेळा मी इथंच पोचलो आहे. इंजिन थंड होऊ द्या. टोपी पिळत पिळत ओढा, वायरीला धरून हिसका देऊ नका. आत पाणी आहे का, हिरवट-पांढरी बुरशी आहे का, रबराला चीर आहे का बघा. कोरडं फडकं फिरवा, घरी असाल तर थोडा वेळ हेअर ड्रायर मारा. बऱ्याच इंजिनांत प्लग ज्या खड्ड्यात बसतो त्याला बाजूला पाणी निघायचं भोक असतं. तेही मातीनं बुजतं आणि मग प्लग पाण्यात पोहत बसतो.

चीर डोळ्यांना दिसली नाही तर रात्री एक प्रयोग करा. अंधारात इंजिन चालू ठेवा आणि झाडांना पाणी मारायच्या फवाऱ्यानं टोपी आणि वायरीवर हलकं धुकं सोडा. वीज गळत असेल तर केसाएवढी निळी ठिणगी टोपीच्या बाहेरून इंजिनाकडं उडताना दिसते, आणि त्याच क्षणी आवाज अडखळतो. एकदा पाहिलीत की विसरणार नाही. हात लावू नका, झटका सणसणीत असतो. पेट्रोल गळत असेल किंवा टाकी उघडी असेल तर हा प्रयोग करायचाच नाही. ठिणगी दिसली तर टोपी बदला, ती काही फार महाग वस्तू नाही. बसवताना रबराच्या कडेला आतून डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणाऱ्या) ग्रीसचा पातळ थर द्या. व्हॅसलीन बॅटरीच्या टर्मिनलला चालतं, इथं नको, त्यानं रबर फुगतं.

बॅटरी. खड्ड्यात आदळल्यावर घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं, याचा अर्थ बॅटरीचा संपर्क क्षणभर तुटला. सीट काढा, टर्मिनलचे स्क्रू हातानं हलवून बघा. हलले तर तेच. पॉलिश पेपरनं घासा, घट्ट आवळा, वरून व्हॅसलीन. निगेटिव्हची वायर चासीला जिथं आवळलेली असते तो बोल्टही बघा, तिथं गंज चढतो आणि कुणाचं लक्ष जात नाही. हाताशी मल्टिमीटर असेल तर रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास मिळायला हवेत. १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. सेल्फ मारताना ९.५ च्याही खाली गेली तर बॅटरी थकली, नुसतं टक्-टक् होतं ते बहुधा यामुळेच. इंजिन चालू करून रेस दिल्यावर साधारण १४ दिसायला हवेत. १३ च्या वर जातच नसेल किंवा १५ ओलांडत असेल, तर दोष चार्जिंगचा आहे. मग नवी बॅटरी घालून काही होणार नाही, तीही मरेल.

फ्युज बघायला विसरू नका. उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. चांदीचा कागद गुंडाळून चालवलेली एक गाडी माझ्याकडं आली होती, तिचं अर्धं वायरिंग वितळलं होतं.

आपणच लावलेले दिवे

हे बोललं की लोकांना राग येतो, पण बोलतो. अ‍ॅडव्हेंचर गाडी घेतली की महिन्याभरात फॉग लॅम्प, मोबाइल चार्जर, एखादा कर्कश हॉर्न येतोच. आपल्याकडं हौसेला मोल नाही. हे सगळं बसवताना हेडलाइटमागं मूळ वायर सोलून दुसरी वायर पिळली जाते आणि वर काळी टेप. उन्हाळ्यात टेपचा गोंद सुटतो, पावसाळ्यात त्यात पाणी शिरतं, आणि तांबं हिरवं पडतं. तिसऱ्या वर्षी माझी गाडी राधानगरीच्या रस्त्यावर बंद पडली ती माझ्याच फॉग लॅम्पमुळे. पाऊस नव्हता, आदल्या दिवशी वॉशिंग सेंटरवर प्रेशरनं धुतली होती.

सगळे जादाचे जोड सोडवा, दोन दिवस मूळ वायरिंगवर गाडी चालवा. दुखणं गेलं तर चोर सापडला. मग रिले (दिव्यांना थेट बॅटरीवरून वीज देणारा स्विच), वेगळा फ्युज आणि सीलबंद जोड घालून पुन्हा लावा. आणि प्रेशरचा नळ हेडलाइटच्या मागं, सीटखाली, प्लगवर मारू देऊ नका. पाऊस वरून पडतो, तो नळ बाजूनं घुसतो. पावसानं जेवढ्या गाड्या बंद पाडल्या नसतील तेवढ्या धुण्यानं पाडल्या असतील, असं माझं मत आहे.

थोडे पैसे लागणारं

एअर फिल्टर. कागदी फिल्टर ओला झाला की इंजिनाचा श्वास कोंडतो. गळिताच्या हंगामात ऊसाच्या ट्रॉल्यांमागून खाल्लेली धूळ त्यात आधीच असते, पाऊस लागला की तिचं पिठलं होतं. ओला कागदी फिल्टर झटकून, वाळवून परत घालू नका, बदला.

प्लग. दोन मिसळींच्या पैशात येतो. काळा ओला असेल तर पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमी, विटकरी-तपकिरी असेल तर तब्येत चांगली. गॅप मॅन्युअलमध्ये दिलेली ठेवा. आवळताना आधी हातानंच फिरवा. तिरका गेला आणि हेडचे आटे गेले तर हा लेख वाचून वाचवलेले सगळे पैसे जातील.

टाकीत पाणी. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. आपल्या जिल्ह्यातले साखर कारखानेही ते इथेनॉल करतात, त्यामुळे त्याच्याबद्दल वाईट बोलायची सोय नाही. पण त्याचा स्वभाव असा की ते पाणी धरतं. थोडं पाणी ते पोटात घेऊन इंजिनातून बाहेर काढतं, गाडीला कळतही नाही. पाणी मर्यादेबाहेर गेलं की मात्र इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर तळाला बसतं. आणि पंप तळातूनच ओढतो. म्हणून सकाळी पहिल्या सेल्फला गाडी फटफटते.

हातपंपाच्या नळीनं टाकीच्या अगदी तळातलं पाव लिटर पारदर्शक बाटलीत काढा. तोंडानं ओढायचं नाही, कधीच नाही. बाटली तासभर स्थिर ठेवा. मधे स्पष्ट रेघ दिसली, खाली वेगळा थर दिसला, तर पाणी आहे. मग टाकी पूर्ण रिकामी करायची, वर नवं पेट्रोल ओतून भागत नाही. कार्बोरेटरवाली जुनी गाडी असेल तर कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू ढिला करून तिथलंही पाणी सोडा. आणि पंपवाल्याशी भांडायला जायच्या आधी झाकणाचं ते भोक बघून घ्या.

इथं थांबा

खालच्यापैकी काही असेल तर पाना खाली ठेवा.

गाडी पाण्यात बुडाली असेल तर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा पार्किंगमधल्या कितीतरी गाड्या बुडाल्या. पाणी ओसरल्यावर आमच्या शेजाऱ्यानं पहिलं काम केलं ते सेल्फ मारायचं. एकच 'खट्' आवाज आला. सिलिंडरमध्ये पाणी होतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकला. अशा वेळी चावीसुद्धा लावू नका, बॅटरीची वायर सोडवा आणि गाडी टेम्पोत घालून न्या. ऑइलच्या काचेत दुधाळ चहासारखा रंग दिसला तर इंजिनात पाणी गेलंच आहे, अशी गाडी शंभर मीटरही चालवायची नाही. मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी आलं की मी माघारी फिरतो, २२० मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स असला तरी. पाण्याखालचा रस्ता शिल्लक आहे की नाही ते गाडीला कळत नाही.

इंजिनाचा पिवळा दिवा सतत पेटलेला असेल तर. त्यामागं कोड असतो, तो स्कॅनरनं वाचायचा असतो, अंदाजानं सेन्सर बदलायचे नसतात. चार्जिंगचे व्होल्ट वर सांगितल्याच्या बाहेर असतील तर. पंपाचा आवाज येत नसेल आणि फ्युज, बॅटरी, स्विच सगळं ठीक असेल तर. पेट्रोलचा वास येत असेल तर लगेच. आणि गाडी वॉरंटीत असेल तर एकही वायर कापायच्या आधी सर्व्हिस सेंटरला दाखवा, कापलेली वायर दिसली की ते हात वर करायला मोकळे.

मिस्त्रीकडं जाताना कागदावर चार गोष्टी लिहून न्या : कुठं बंद पडली, किती किलोमीटर चालल्यावर, गिअरमध्ये की न्यूट्रलला, आणि पंपाचा आवाज येत होता का. उद्यमनगरच्या मामांना मी हल्ली फोनवरच एवढं सांगतो. ते ऐकून घेतात, थोडं थांबतात आणि विचारतात, "स्टँड पुसलासा काय?"